चांदीची साय धरणारी मेइताई

शिनपू गावाच्या मागच्या गल्लीत गेल्या ऑक्टोबरात एक बातमी फिरत होती: पंग मान-मेइ कारखान्यातून चांदी चोरते. बातमीचा उगम च्यावकाकूंच्या गाड्यावर. च्यावकाकू गल्लीच्या तोंडाशी तांदळाच्या रुंद शेवया विकतात आणि शेवयांबरोबर बाकीचं सगळं फुकट वाढतात. पुरावा म्हणून त्या हातातला झारा मान-मेइच्या अंगणाकडे रोखत. तिथे पर्सिमनची नारिंगी फळं वाळवायच्या मांडवावर नवंकोरं पत्र्याचं छप्पर चकाकत होतं.

“एकवीस वर्षं चांदीत हात घालते आणि रिकाम्या हाताने घरी येते? माझ्या पातेल्यातून दोन शेवया तरी माझ्या तोंडात पडतातच की!”

बातमी चवदार होती, पण खोटी. छप्पर मान-मेइच्या धाकट्या दिराने घातलं होतं, आणि तेही वाकडं. राहिली चांदी. मान-मेइ ज्या काचा तयार करते त्या तळहाताएवढ्या, आणि त्यांच्यावर चांदी इतकी पातळ की काच डोळ्यांपुढे धरली तर पलीकडचा माणूस दिसावा. हजार काचा खरवडल्या तर कानातली एक कुडी जेमतेम व्हायची. एवढी मेहनत करून चोरी करण्यापेक्षा माणूस सरळ नोकरी करील, आणि ती तेच करत होती.

हे तिने च्यावकाकूंना नीट समजावलं. काकूंनी मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, “चोरते, पण थोडी-थोडी.”

मान-मेइ हे नाव आता कुणी ठेवत नाही. हक्का लोकांच्या घरांत पूर्वी मुलींवर मुली झाल्या की वैतागलेला बाप शेवटचीला हे नाव द्यायचा. अर्थ एवढाच, की आता पुरे, ही शेवटची. हिच्यानंतर आणखी एक झाली. तिचं नाव काय ठेवावं हे बापाला कितीतरी दिवस सुचलं नव्हतं म्हणतात. असो. कारखान्यात तिला सगळे मेइताई म्हणतात, तर आपणही तेच म्हणू.

कारखाना शिनचू शहराच्या कडेला. शिनपूहून स्कूटरवर अर्धा तास, आणि शरदात वारा समोरून असला की पाऊण. चाळीस माणसं, एक मालक, आणि एक यंत्र, ज्याला सगळे ‘म्हातारी’ म्हणत. म्हातारी म्हणजे स्टीलची मोठी पेटी. आत ताटावर काच ठेवायची, दार लावायचं, पंपाने आतली सगळी हवा ओढून काढायची. मग चिमूटभर वेगळा वायू आत सोडला की त्याच्या कणांचा वरच्या चांदीच्या चकतीवर मारा होतो, चांदी कणाकणाने उडते आणि खालच्या काचेवर बसते. दुधावर साय धरावी तशी. केसाच्या जाडीचे ऐंशी हजार भाग केले, तर त्यातले दहा-बारा भाग म्हणजे ती साय.

पण चांदीला काचेवर पसरायला मुळात आवडत नाही. अळूच्या पानावर पाण्याचं जे होतं तेच तिचं होतं. ती गोळा होऊ बघते. जरा सैल सोडली की टेंगळं येतात. डोळ्यांना काही दिसत नाही, काच आरशासारखी लखलखते, पण या काचेवर पुढे पडद्याचे आणखी थर चढायचे असतात, तेही तितकेच नाजूक. टेंगूळ त्या थरांतून डोकं वर काढतं, आणि कुणाच्या तरी फोनच्या पडद्यावर काळा ठिपका उमटतो. म्हणून प्रत्येक काच शेजारच्या खोलीत जायची. तिथे एक सुई असते, डोळ्याला न दिसणाऱ्या टोकाची, ती चांदीवरून आंधळ्याच्या बोटासारखी फिरते आणि खडबडीतपणाचा आकडा सांगते. दोनच्या आत आकडा आला की जुनी गिऱ्हाइकं खूश.

सप्टेंबरात त्सेंग साहेब आले. वय अडतीस, अकरा वर्षं परदेशात याच विषयाचा अभ्यास, डॉक्टरेट, आणि चालणं असं की जिने त्यांना बघून स्वतःच बाजूला व्हावेत. त्यांनी आल्या आल्या जुन्या नोंदी काढल्या आणि त्यांना एक गंमत दिसली. रोजच्या सात काचांपैकी सहांचा आकडा दीड ते दोन, पण एक काच, बहुतेक चौथी, एकच्या आत. रोज.

“एक होते तर सातही होतील,” ते मालकांना म्हणाले.

मालक तेंग चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांना हे वाक्य इतकं आवडलं, की त्यांनी त्याच आठवड्यात एका बड्या नव्या गिऱ्हाइकाला शब्द देऊन टाकला. नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी, संध्याकाळी पाचच्या गाडीने, एकाच दिवसात केलेल्या ओळीने सहा काचा पाठवायच्या. सहाच्या सहा एकच्या आत. जमलं तर कारखान्याला पुढची पाच वर्षं काम. नाही जमलं तर म्हातारी भंगारात, कारण जुनी गिऱ्हाइकंही एकेक करून दुसरीकडे चालली होती. आणि मेइताई तळमजल्यावर, खोकी बांधायच्या टेबलाशी.

हे तिला मालकांनी स्वतः बोलावून सांगितलं. “मान-मेइ, वाईट वाटून घेऊ नकोस. खोकी बांधायचं काम बसून असतं.”

“मालक, बसायचं असतं तर मी घरीच बसले असते. तिथे खुर्ची बरी आहे,” ती म्हणाली आणि निघून आली. जिन्यात मात्र दोन मिनिटं थांबली. एकवीस वर्षं ती म्हातारीच्या पंपाचा आवाज ऐकून सांगत आली होती की आज हिचं पोट बिघडलंय. खोक्यांचा कसला आवाज ऐकायचा?

त्सेंग साहेबांचं गणित सोपं होतं. पहिली काच धरायचीच नाही; ती रोज टाकून द्यायची असते, रात्रभर बसून चांदीवर चढलेली मळी उडवायला, म्हातारीचं तोंड धुवायला म्हणा. मग दुसरी, तिसरी वाईट आणि चौथी चांगली. म्हणजे यंत्र अंगात येईपर्यंत वेळ लागतो. तेव्हा त्याला थांबू द्यायचं नाही, काचेमागे काच लावायची. पण मध्ये एक अडथळा होता. दुपारची झोप.

आता दुपारची झोप म्हणजे काय हे आम्हाला कुणी सांगावं! बारा वाजता डबा, साडेबाराला दिवे बंद, आणि दीड वाजेपर्यंत शाळेतल्या पोरापासून मालकापर्यंत सगळे टेबलावर डोकं ठेवून गुडुप. मेइताईची तर खास उशी होती, हात आत घालायला भोकं असलेली. डब्याला जाण्याआधी ती चौथी काच आत ठेवायची, दार लावून पंप सुरू करायची, आणि उठून आल्यावर चांदी धरायची.

एक ऑक्टोबरला साहेबांनी फतवा काढला: दिवे बंद होणार नाहीत, डबा पाळीपाळीने खायचा, यंत्र चालू राहील.

“साहेब, तिथे परदेशात माणसं दुपारी काय करतात?” मेइताईने विचारलं.

“काम करतात.”

“बिचारी,” ती म्हणाली, आणि उशी पिशवीत भरली.

यंत्र थांबायचं बंद झालं आणि झालं असं, की जी एक काच रोज चांगली व्हायची तीही गेली. एक पूर्णांक सात. एक आठ. दोन. दोन एक. साहेबांनी वायू बदलला, चांदीची चकती बदलली, पंपाचं तेल बदललं. स्वतःचा चष्माही बदलला. आकडे ढिम्म.

मग एके दिवशी सफाईवाल्या बाईंनी म्हातारीच्या डोक्यावर बघितलं आणि त्या ओरडल्याच. तिथे हिरवी पुडी असते. आमच्याकडे ती प्रत्येक यंत्रावर असते. इस्पितळात असते, बँकेत असते. मक्याच्या कुरमुऱ्यांची पुडी, लहान पोरांचा खाऊ, आणि नावाचाच अर्थ ‘शहाण्यासारखं वाग’. रंग हिरवाच हवा. पिवळी ठेवली तर यंत्र रुसतं. आणि तारीख टळलेली चालत नाही. म्हातारीवरच्या पुडीची तारीख ऑगस्टातच टळली होती.

“झालं!” मालक कपाळावर हात मारून म्हणाले. “शिळा खाऊ देऊन काम करून घेताय होय तिच्याकडून!”

त्सेंग साहेब अकरा वर्षं परदेशात राहिलेले, डॉक्टर. ते हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, “नवी आणायला किती वेळ लागेल?”

वेळ लागलाच. मेइताईने नुकतीच एक काच आत ठेवून दार लावलं होतं, तेवढ्यात सगळ्यांना नव्या पुडीच्या पूजेसाठी फाटकाशी बोलावलं. लाल कापड घातलेलं टेबल, पेरू, बिस्किटं, तीन कप चहा, उदबत्त्या. वारा इतका की उदबत्त्या पेटेनात. मालक पेटवत, वारा विझवत. शेवटी साहेबांनी आपला कोट आडवा धरला. पुडी ताटलीत ठेवून चाळीस माणसांनी हात जोडले, मग ती पारदर्शक पिशवीत बंद करून, बाहेरून पुसून, आत नेऊन म्हातारीच्या डोक्यावर ठेवली. सगळं होईपर्यंत सव्वा तास गेला. मग मेइताईने त्या थांबलेल्या काचेवर चांदी धरली.

सुई म्हणाली, शून्य पूर्णांक सात.

कारखान्यात असा आरडाओरडा झाला की शेजारच्या कारखान्यातली माणसं खिडक्यांत आली. साहेबांनी पुडीचा फोटो काढला. आणि दुसऱ्या दिवशी पहिली धरण्याजोगी काच: एक पूर्णांक नऊ.

त्यानंतरचा आठवडा म्हणजे निव्वळ तमाशा. पुडी डावीकडे सरकवली. उजवीकडे सरकवली. एक काढून दोन ठेवल्या. कुणीतरी म्हणालं की पुडीचं तोंड चांदीकडे हवं. पुड्या ठेवून ठेवून म्हातारी किराणा दुकानासारखी दिसू लागली. नोव्हेंबरचे पंधरा दिवस गेले होते.

त्या रविवारी मेइताई अंगणात पर्सिमनला हात फिरवत होती. वाऱ्यात सुकताना रोज एकेक फळ हाताने हळू दाबावं लागतं, म्हणजे आतला गर सैल होतो. हात कामात, डोकं मोकळं. मांडीवर तिची वही उघडी होती. एकवीस वर्षांतल्या अशा बावीस वह्या तिच्याकडे आहेत. साहेबांच्या संगणकात दाब, वीज, वायू असं सगळं असतं, आणि हिच्या वहीत ‘आज पंप कुरकुरला’, ‘आज वीज गेली’, ‘आज मला सर्दी’. पुडीच्या दिवसाची ओळ तिने वाचली. मग झोपेच्या दिवसांतल्या चौथ्या काचा. मग मार्चमधली एक काच, शून्य पूर्णांक आठ, पुढे लिहिलेलं: ‘भूकंपाची सूचना, सगळे बाहेर, पाऊण तास’.

पुडीही नाही, चौथा नंबरही नाही. जी काच बंद पेटीत तासभर नुसती पडून राहिली ती गुळगुळीत.

“काय गं, चांदीचा हिशेब चाललाय वाटतं?” कुंपणापलीकडून च्यावकाकू.

“हो काकू. तुमच्या दारालाही थोडी लावू का? रात्री दिवा लागणार नाही.”

काकू खरोखरच विचारात पडल्या.

पण पडून राहिल्याने होतं काय? हे तिला सोमवारी चहाच्या वेळी कळलं. सकाळी सहाला घरी भरलेला थर्मास तिने साडेतीनला उघडला, घोट घेतला आणि जीभ भाजली. शिव्या देत ती थर्मासकडे बघत राहिली. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये हवा नसते म्हणून चहा गरम राहतो, हे शाळेत शिकवलेलं. आणि म्हातारीच्या पोटात तरी हवा कुठे असते? प्रत्येक काचेला वर मारा चालू असताना ताट तापतं. काच काढली, दुसरी ठेवली, हवा ओढली, की ताटाची ऊब जायला वाटच नाही. नवी काच त्या गरम ताटावर बसते, आणि गरम काचेवर चांदी सैल होऊन गोळे धरते. तासभर पडून राहिलं की ताट जरा तरी निवतं.

ती थर्मास घेऊनच साहेबांच्या खोलीत गेली.

“साहेब, म्हातारीला अंगात यायला वेळ लागत नाही. उतरायला लागतो.”

साहेबांनी ऐकून घेतलं, मग संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. “मेइताई, आतलं तापमान चोवीस आहे. प्रत्येक काचेला चोवीस. हे बघा.”

“ते मोजणारं यंत्र कुठे बसवलंय?”

“पेटीच्या भिंतीला.”

“म्हणजे ताप पोराला आलाय आणि थर्मामीटर दाराला लावलाय.”

 साहेबांनी खणातून चिकटपट्टी काढली, उष्णता लागली की काळी होणारी, ठिपक्यांवर अंश छापलेली. ती ताटाच्या खाली लावून तीन काचा लागोपाठ केल्या. पट्टी बाहेर आली तेव्हा नव्वदचा ठिपका काळा होता.

“मी यावर दोन निबंध लिहिलेत,” साहेब पट्टीकडे बघत म्हणाले. “काचेच्या तापमानावर. दोन!”

“तुम्ही चांदीकडे बघत होतात साहेब. ताट घासायला मी असते.”

या माणसाचं एक मात्र मानायला हवं. दुसरा कुणी असता तर पट्टी खिशात घालून दुसऱ्या दिवशी हा शोध स्वतःचा म्हणून सांगितला असता. हे तसेच उठले आणि मालकांकडे गेले, तिला पुढे घालून.

उपाय काढला तोही तिनेच. प्रत्येक काचेला तासभर थांबलं तर दिवसाला सहा होणार नाहीत. पण ताटं दोन असली तर? एक आत, एक बाहेर टेबलावर, कोरड्या थंड हवेच्या झोताखाली. बाहेर हवा आहे, ताट पाऊण तासात निवतं. दुसरं ताट म्हातारीबरोबर आलेलं होतंच. ते शोधायला दोन दिवस गेले. सापडलं मालकांच्या खोलीत, त्यांच्या ऑर्किडच्या कुंडीखाली. मालक लाजले, मग चिडले, मग म्हणाले की ऑर्किड त्या ताटावरच इतकं फुललं. ताट आम्लात बुडवून, घासून, भट्टीत सुकवून लख्ख करायला चार दिवस लागले. घासलं अर्थात मेइताईने.

शेवटचा शुक्रवार. पहिली काच टाकली. मग एक: शून्य सात. दोन: शून्य सहा. तीन: शून्य सात. चौथीला सुई शून्य नऊवर थांबली तेव्हा साहेबांनी श्वास घेणं सोडून दिलं होतं. पाचवी: शून्य सहा. आणि तिथे पंप अडला. बिचारी म्हातारीच ती, झडप चिकटली. मेइताईने पान्ह्याने दोन ठिकाणी हलके ठोकलं, कान लावला, तिसऱ्या ठिकाणी ठोकलं, आणि पंप चालू झाला. पण त्या गडबडीत थंड ताटावर तेलाचे शिंतोडे उडाले. ते आता आत जाणार नव्हतं. उरलं होतं ते नुकतंच बाहेर काढलेलं, गरम ताट. घड्याळात पावणेचार. फाटकाशी गाडी येऊन उभी.

“हेच घालू या,” साहेब म्हणाले. धूळ आत जाऊ नये म्हणून घालायच्या पांढऱ्या झग्यातून फक्त त्यांचे डोळे दिसत होते, आणि तेही घाबरलेले. “पाच तर झाल्या. एखादा आकडा जरा वर गेला तरी चालवून घेतील.”

“सहा म्हणालेत ते.”

“मेइताई, गाडी थांबणार नाही!”

“गाडीवाल्याला आत बोलवा, चहा द्या, मालकांचं ऑर्किड दाखवा. मालक ऑर्किडवर बोलायला लागले की कुणाला जाता आलंय का आजवर?”

आणि ती ताटाजवळ स्टुलावर बसली. हात मांडीवर, नजर घड्याळावर. साहेब येरझारा घालू लागले. दोनदा त्यांनी ताटाकडे हात नेला, दोनदा तिने नुसतं बघितलं आणि हात मागे गेला.  ही एक काच बिघडली तर सोमवारपासून ती खोकी बांधणार होती. उशीर झाला तरीही तेच. घाई करायची की थांबायचं, एवढंच काय ते तिच्या हातात होतं, आणि ती थांबली. चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी तिने ताटाला हातमोज्याचा मागचा भाग लावला, उठली आणि काच ठेवली. हवा ओढायला वीस मिनिटं. चांदीला दीड.

सुईने आकडा सांगितला तेव्हा पाच वाजून दहा झाले होते. शून्य पूर्णांक सहा. गाडीवाला तेव्हा मालकांच्या खोलीत ऑर्किडच्या चौथ्या जातीपर्यंत पोचला होता, आणि सुटका झाल्यासारखा खोकं घेऊन पळाला.

होकार दहा दिवसांनी आला. म्हातारी भंगारात जाणार नाही. दुपारचे दिवे पुन्हा बंद होऊ लागले. साहेबांनी स्वतःसाठी उशी आणली, तीही भोकांची. हिरवी पुडी आहेच. ती काढायची हिंमत कुणी केली नाही, साहेबांनी तर नाहीच. च्यावकाकू आता सांगतात की मेइताईला चांदीशी बोलता येतं, आणि शेवयांबरोबर हेही खपतं आहे.

नवीन वर्षाच्या जेवणाला मालकांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं की पुढच्या उन्हाळ्यात म्हातारीशेजारी एक नवं यंत्र येतंय, आपोआप चालणारं, आणि दोन्ही मान-मेइच्या ताब्यात राहतील. टाळ्या झाल्या. साहेबांनी पेला उचलला आणि तिला चिडवायला म्हणून मोठ्याने विचारलं, “मेइताई, या वयात नवं यंत्र म्हणजे जरा भीती वाटत असेल ना?”

मेइताईने तोंडातला घास आधी संपवला.

“नवं ते आहे ना? मग भ्यायचं त्याने. मला इथे एकवीस वर्षं झालीत.”